उजवीकडचा खालचा कोपरा

हे खरंय. आधीच सांगते, कारण मध्येच कोणीतरी म्हणणार, काहीही काय.

माझी मैत्रीण रागना खोटं बोलत नाही. सहा वर्षं आम्ही एका घरात राहतोय, बर्गनमध्ये. साधी मस्करीसुद्धा तिला धड जमत नाही. आणि यातल्या अर्ध्या गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

मार्च महिना. शनिवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

हो, सकाळचे. बाहेर पाऊस, आत दीडशे माणसं, सगळीकडे वॉफल भाजल्याचा वास. अशा गर्दीत कोणाला काय दिसणार?

रागनाला दिसलं.

संस्थेचं नाव सांगत नाही. मेंदूवर संशोधन चालतं आणि इमारत जुनी, दगडी आहे, एवढं पुरे. रागना तिथे पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढची दोन वर्षांची नेमणूक एप्रिलमध्ये ठरणार होती, आणि ती ठरवणार होता संचालक, आर्विद.

दर मार्चमध्ये ते लोक एक दिवस सगळ्यांसाठी दारं उघडतात. आजीआजोबा, पोरंटोरं, कोणीही यावं, मेंदू बघावा, कॉफी प्यावी. यंदाचा विषय होता, विसरल्या गेलेल्या शास्त्रज्ञ स्त्रिया. काम कोणाच्या गळ्यात पडलं? रागनाच्या.

ती गेली तळघरात, गेर्दकडे. गेर्द तिथे चाळीस वर्षं मेंदूचे काप काढून स्लाइड बनवतेय. तिने एक खण ओढला.

"हे घे. विंगेचा खजिना."

प्रोफेसर विंगे म्हणजे त्या संस्थेचा मूळपुरुष. दारात पुतळा आहे त्याचा. त्याने काढलेली मेंदूतल्या पेशींची चित्रं अजूनही तिथे कौतुकाने दाखवतात. तीनशे बारा चित्रं.

रागना एकेक कागद उलटायला लागली. झाडाच्या मुळांसारख्या पेशी. केसाएवढ्या बारीक रेघा. हात कुठेही थरथरलेला नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

एकाही कागदाला उजवीकडचा खालचा कोपरा नव्हता.

"उंदीर?" ती म्हणाली.

"उंदीर पट्टी लावून कुरतडतो होय गं?" गेर्द म्हणाली. "कात्री आहे ती. मी नोकरीला लागले तेव्हाही असंच होतं. विचारू नकोस म्हणाले. मी नाही विचारलं."

खणाच्या तळाला एक कागद चिकटला होता. तीनशे तेरावा. त्याचा कोपरा शाबूत होता. कोपऱ्यात सही होती. बो. मोए, १९३१. सहीखाली एक रेघ, शेवटी आत वळलेली, गोगलगायीसारखी.

त्याच्यामागे एक चिठ्ठी होती. दोनच ओळींची.

'चित्रं माझी आहेत आणि त्यातून जे सापडलं तेही माझंच आहे. माझं नाव द्या, दुसरं काही नको. बोर्गहिल मोए.'

खाली पेन्सिलने, दुसऱ्या अक्षरात, लिहिलं होतं : 'सहाय्यक आहे. उत्तर देऊ नये.'

"हिचं पुढे काय झालं?" रागनाने विचारलं.

गेर्दने खण बंद केला. "वरच्या चित्रांच्या खोलीत सापडली. हिवाळ्यात. सोमवारी सकाळी दार उघडलं तर खुर्चीत बसलेली. डोळा मायक्रोस्कोपला लावलेला. शुक्रवारपासून तशीच होती म्हणतात."

रागना त्या दिवशी घरी आली ती पेटूनच. जेवली नाही. म्हणाली, "मोठा बोर्ड करायचा. दारात लावायचा, विंगेच्या समोर. 'बोर्गहिल मोए, शास्त्रज्ञ.' तू मांडून देशील ना?"

मी बोर्ड, पत्रकं वगैरे मांडायचंच काम करते. म्हटलं, देते.

आर्विदला मजकूर दाखवला. तो चांगला माणूस आहे, तेच तर वाईट आहे. हसला, कॉफी ओतून दिली.

"छान काम केलंस. फक्त 'शास्त्रज्ञ' नको. 'विंगे यांच्या सहाय्यक' लिही."

"पण आर्विद, चिठ्ठी आहे."

"एक चिठ्ठी. नव्वद वर्षांपूर्वीची. विंगेचे नातू येणार आहेत शनिवारी. अगं, तिचं नाव तर येतंय ना? आधी तेवढंही नव्हतं." मग कप खाली ठेवून म्हणाला, "एप्रिलमध्ये तुझ्यासाठी मलाच भांडायचंय, रागना. मला सोपं जाऊ दे."

ती घरी आली. माझ्यामागे उभी राहिली. मी लॅपटॉपवर बसले होते.

"'सहाय्यक' कर," ती म्हणाली.

"नक्की?"

"कर म्हटलं ना."

मी टाइप केलं. हो, मीच केलं.

शनिवार उजाडला.

वरच्या चित्रांच्या खोलीत रागनाने लोकांसाठी एक खेळ मांडला होता. जुना पितळी मायक्रोस्कोप, त्यावर बसवलेला एक लोलक. त्यात डोळा लावला की काचेवरची पेशी दिसते आणि शेजारच्या कागदावर ठेवलेला आपला हातही दिसतो, एकावर एक. मग पेशी नुसती गिरवायची. पूर्वी चित्रं अशीच काढायचे. कपाटातून तेच जुनं यंत्र काढलं होतं. मोएचंच.

रांग लागली. मीही लागले रांगेत.

माझ्यापुढे एक आजी होत्या. चित्र काढून उठल्या, हात चोळत रागनाला म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईंना हातमोजे घालायला सांगा बाई. बर्फासारखे हात आहेत."

"कोणत्या बाई?"

"त्याच, हात धरून शिकवत होत्या त्या."

खोलीत रागना एकटीच मदतीला होती. आणि ती दारापाशी उभी होती.

माझा नंबर आला. मी डोळा लावला. खरं सांगते, मला काही दिसलं नाही. पेशी दिसली, माझा हात दिसला. फक्त माझा हात चालत होता तो... मी चालवत होते त्यापेक्षा चांगला चालत होता. मला साधा आंबा काढता येत नाही. त्या दिवशी मी झाडाच्या मुळांसारखी पेशी काढली, केसाएवढ्या रेघांची.

मला वाटलं, यंत्र भारी आहे. चित्रावर सही केली, पाकिटात घातलं आणि वॉफल खायला खाली गेले.

अकरा वीसला रांग संपली. खाली विंगेच्या नातवाचं भाषण सुरू झालं, सगळे तिकडे पळाले. रागना लोकांनी ठेवून दिलेली चित्रं गोळा करायला लागली.

पहिलं चित्र उचललं. सुंदर.

दुसरं. तसंच सुंदर.

एक चित्र पाच वर्षांच्या मुलीचं होतं. तेही तसंच...

सगळी एकाच हातची.

आणि प्रत्येकाच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात सही होती. बो. मोए. खाली रेघ, शेवटी आत वळलेली, गोगलगायीसारखी.

तो तीनशे तेरावा कागद प्रदर्शनात नव्हता. रागनाच्या टेबलाच्या खणात होता, कुलपात. ती सही रागना आणि गेर्दशिवाय कोणी पाहिलेली नव्हती. मीसुद्धा नाही.

खोली एकदम गार झाली होती. वॉफलचा वास गेला होता. खालच्या टाळ्या ऐकू यायला हव्या होत्या...

काहीच ऐकू येत नव्हतं.

ती खुर्चीत बसली. का बसली, तिला अजून सांगता येत नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळा लावला.

पेशी दिसली.

आणि कागदावर हात दिसला.

बारीक, निळसर, बोटांवर शाईचे डाग. रागनाचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने ते घट्ट धरले, एकात एक.

तो हात लिहीत होता. सावकाश.

'सहाय्यक.'

मग थांबला. पेन्सिल खाली ठेवली. कागद वळवला, कोपरा वर घेतला, आणि बाजूने काहीतरी उचललं...

कच्.

आवाज तिच्या कानाशी आला.

ती जिन्यावरून धावत खाली आली. तेव्हा मी दारात होते, तिचं तोंड पाहिलं मी. पांढरंफटक. आर्विद बोर्डाशेजारी उभा होता, नातवाला निरोप देऊन.

"बोर्ड बदलायचा," ती म्हणाली. "आत्ता."

"काय झालं?"

"'सहाय्यक' खोडायचं, आर्विद. आत्ताच्या आत्ता."

आर्विदने इकडेतिकडे पाहिलं. खिशातून जाड मार्कर काढला आणि तिच्या हातात दिला. आवाज अजिबात चढवला नाही.

"खोड. मी अडवत नाही. फक्त एप्रिलमध्ये माझ्याकडे येऊ नकोस."

रागनाने टोपण काढलं. मी दहा पावलांवर होते. मला ओरडून सांगायचं होतं, खोड गं, मी नवा छापून देते. पण माझ्या हातात वॉफलची बशी होती, आणि मी नुसती बघत राहिले.

तिने टोपण परत लावलं.

आणि वरच्या मजल्यावरून...

कच्.

हा मीही ऐकला. आर्विदनेही वर पाहिलं.

"वर कोण आहे?" त्याने विचारलं.

कोणीच नव्हतं.

आठवड्याने संस्थेच्या बातमीपत्रात बातमी आली. 'विस्मृतीत गेलेल्या सहाय्यिकेचा सन्मान.' मोठा फोटो होता. आर्विद, नातू, गेर्द आणि उजवीकडे कडेला रागना. खाली तीन नावं.

"छापताना राहिलं असेल," मी म्हटलं.

मग ठरल्यासारखी एप्रिलमध्ये नेमणूक मिळाली. आम्ही केक आणला. रागना हसली नाही. खोलीत गेली आणि तिच्या नोंदवह्या घेऊन आली. चार वर्षांच्या, अकरा वह्या. त्यांच्याकडे प्रत्येक पानावर, उजवीकडे खाली, रोज सही करायची पद्धत आहे, म्हणजे काम कोणाचं ते सिद्ध होतं.

तिने पहिली वही माझ्यासमोर उघडली.

उजवीकडचा खालचा कोपरा नव्हता.

सरळ, पट्टी लावल्यासारखा कापलेला. दुसरं पान, तिसरं, शंभरावं. अकराच्या अकरा वह्या. त्या आदल्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात होत्या आणि किल्ली तिच्याच गळ्यात होती.

"आत्ता मी म्हटलं हे काम माझं आहे," ती म्हणाली, "तर दाखवू काय?"

परवा तिचा मोठा शोधनिबंध छापून आला. लेखकांची नावं पाच, त्यात ती नाही. रागनाचं नाव सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, आभारांच्या ओळीत. आर्विद शपथेवर सांगतो की त्याने तिचं नाव पहिलं पाठवलं होतं. मला ते खरं वाटतं. हेच जास्त वाईट आहे.

ती अजून तिथेच काम करते. बोर्डही तिथेच आहे. मी दोनदा नवा छापून नेला, 'शास्त्रज्ञ' लिहून. दोन्ही वेळा घरातून नीट निघाला, आणि तिथे गुंडाळी उघडली तर ती ओळच कोरी. गेर्द म्हणाली, "आता उशीर झाला गं. हातात मार्कर होता तेव्हाच खोडायचं होतं ते."

आणि माझं चित्र... ते अजून त्या पाकिटातच आहे, माझ्या कपड्यांच्या कपाटात. मी त्यावर माझी सही केली होती. नक्की केली होती, उजवीकडे खाली.

गेले तीन दिवस कपाटाजवळ गेलं की पाकिटातून तोच आवाज येतो, बारीक.

मी अजून ते उघडलेलं नाही.