गीझर उतरवला त्या सकाळी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मागच्या डिसेंबरमधली सकाळ. लख्ख ऊन पडलेलं. अहिल्यानगरला, सावेडीतला आमचा भाड्याचा फ्लॅट.

माझी धाकटी बहीण ज्ञानेश्वरी बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळ जेमतेम महिन्याचं. त्याला न्हाऊ घालायला लंकाबाई यायच्या.

बोअरच्या पाण्यामुळे आमच्या गीझरमध्ये क्षार साचले होते. पाणी कोमटच यायचं. म्हणून साफ करायला अमृत मेकॅनिकला बोलावलं.

त्याने मेन व्हॉल्व्ह बंद केला, गीझर भिंतीवरून उतरवला आणि गॅलरीत नेऊन उघडला. कॉइलवर पांढरे जाड थर. तो खरवडत होता. मी आणि लंकाबाई शेजारी बसून बघत होतो. ज्ञानेश्वरी आतल्या खोलीत बाळाला घेऊन झोपलेली.

घरात दुसरं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला.

बादली भरल्याचा...

“अमृत, पाणी बंद केलंय ना?”

“व्हय ताई. नळाला थेंब यायचा न्हाई.”

आवाज थांबला. मग तांब्या बादलीत बुडाला. पाणी ओतलं गेलं. सावकाश... पुन्हा बुडाला... पुन्हा ओतलं.

लंकाबाईंचा चेहरा बदलला.

“आसं तर लेकराला न्हाऊ घालत्यात,” त्या हळूच म्हणाल्या.

आणि आतून ज्ञानेश्वरीची हाक आली.

“ताई, बाळ तुझ्याकडे आहे ना गं?”

बाळ माझ्याकडे नव्हतं.

तशीच धावले. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं. फटीतून वाफ येत होती...

ढकललं.

बाळ पाटावर होतं. पंच्यात नीट गुंडाळलेलं. जावळ ओलं, अंग ऊन ऊन. रडत नव्हतं. टुकूटुकू बघत होतं.

आत कुणीच नव्हतं.

बादलीतल्या पाण्यातून वाफा निघत होत्या. आणि वर, गीझरच्या जागी, बूच मारलेले दोन पाइप.

मी बाळाला छातीशी धरलं. लंकाबाईंनी त्याच्या डोक्याचा वास घेतला आणि झटकन मागे सरल्या.

“याला धुरी कुनी दिली? ओव्याची हाय...”

डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून आमच्याकडे धुरी देतच नव्हते.

अमृत गीझर तसाच उघडा टाकून गेला. लंकाबाईही पुन्हा आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, “लेकरू लई गुनाचं हाय. पन त्या न्हाणीत मी पाय ठेवनार न्हाई.”

शेजाऱ्यांना विचारलं. नवी इमारत, आमच्या आधी त्या फ्लॅटमध्ये कुणी राहिलेलंही नाही. तरी आम्ही घर सोडलं.

ज्ञानेश्वरी आता सासरी, पारनेरला आहे. ती म्हणते, “कुणी का असेना ताई, मायेनंच केलं ना?”

मी हो म्हणते.

पण त्या सकाळी बाळाला कपडे घालताना त्याच्या डाव्या तळपायावर काजळाची तीट दिसली होती. आमच्या घरात काजळ नव्हतं. किती पुसली, तरी निघाली नाही.

परवा फोनवर मी सहज विचारलं, “ती तीट गेली का गं?”



ज्ञानेश्वरी म्हणाली, “ताई... आता उजव्या पायावरही आहे.”