सहा विसा ओव्यांची वाट

वरखेडीहून सुटलेलं विमान पन्नास मिनिटांत लिमाला उतरायचं. नकाशावर अंतर सतरा हजार किलोमीटर, पण डॉ. हेमांगी ढवळेचं यंत्र अवकाशाला निरी घाली. निरी लुगड्याची असते तशीच. पृथ्वीची दोन टोकं चिमटीत जवळ यायची अन् मधलं अंतर घडीत दडायचं. विमान उतरलं की निरी सोडायची.

त्या सकाळच्या विमानात लेकीच्या बाळंतपणाला निघालेली एक आई होती. डिंकाच्या लाडवांचा डबा पोटाशी धरलेला. हेमांगीनंच तिला रांगेत पुढं घेतलं होतं.

विमान सुटून अर्धा तास झाला अन् वरखेडीत यंत्रापाशी बसलेल्या हेमांगीचा फोन वाजला. शेजारच्या उंबरवाडीची गोदूमावशी.

"हेमे, माझी सून शेवंता अडलीय गं! तिला जीपमधून दवाखान्यात नेतोय. वाटेतला ओढा सरतच नाही!"

महिन्यापूर्वी मावशी हेच सांगायला आली होती. "वाडीपासून दवाखाना किती गं?"

हेमांगीनं अक्षांश-रेखांश घालून उत्तर काढलं होतं. "तीन किलोमीटर. होतं तेवढंच."

"तुझ्या यंत्राला चालावं लागत नाही, बाई. आईनं मला ही वाट ओव्यांनी मोजायला शिकवली. सहा विसा ओव्या, एकशेवीस भरल्या की दवाखान्याची भिंत. परवा तुझं विमान वर होतं, अन् ओव्या सरल्या तरी मी ओढ्यातच!"

"वय झालं, मावशी. पाय मंदावले."

"पाय माझे मंदावले, ओढा कशानं लांबला? निऱ्या जास्त घेतल्या की पदर ताणतो, पोरी. कुणाचा पदर ओढलास ते बघ."

हेमांगी तेव्हा हसली होती. आता पडद्यावर तेच तीन किलोमीटर होते. अक्षांश-रेखांश जागचे हलत नाहीत. त्यांच्या मधलं अवकाश मात्र ताणलं गेलं होतं. इथल्या निरीसाठी लागणारं अवकाश तिथून, ओढ्याच्या वाटेवरून, ओढलेलं होतं.

"सोड ती निरी!" मावशी ओरडली.

"विमान घडीत आहे, मावशी. सोडली तर तीनशे बारा माणसांखाली अख्खा समुद्र पसरेल. इंधन पन्नास मिनिटांचंच आहे."

"मग किती वेळ?"

"वीस मिनिटं."

पलीकडं शेवंता कण्हत होती. मावशीनं सुनेसाठी ओवी धरली:

"वाटंबाई वाटं, घे गं पदर आवरून,
सून माझी निघालीया, जीव मुठीत धरून..."

हेमांगी बोटांवर मोजत राहिली. एक वीस. दोन विसा. तिसऱ्या विसेत मावशीचा आवाज चिरला. मग ओवीही नाही, कण्हणंही नाही. नुसती जीपची घरघर.

फलकावर अक्षरं उमटली: लिमा. विमान वेळेवर उतरले.

हेमांगीनं निरी सोडली.

"हेमे," मावशी हलकेच म्हणाली, "दवाखाना आपल्या पायानं दारात आला गं. शेवंताच थांबली नाही. पोटातलं घेऊन गेली."

खिडकीशी पुढच्या विमानाची रांग लागली होती. एका म्हाताऱ्यानं काचेवर टकटक केली. "बाई, लिमाला किती वेळ लागतो हो?"

हेमांगीनं मान वर केली.

"कुणाला?" तिनं विचारलं.