स्टूल रिकामं ठेवायचं नाही

पटलं तर घ्या. नाही पटलं तर चहा संपवा आणि उठा, मी रागावणार नाही.

पण हे कुणाचं ऐकून सांगत नाहीये. माझ्यासमोर घडलंय. माझ्यासोबत घडलंय.

योग्याकार्ता. रोज्यांचा महिना. दुपार कललेली, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची बांग अजून व्हायची होती. रात्र नव्हती, अंधार नव्हता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

म्हणून तर जास्त त्रास होतो. अंधारात दिसलं असतं तर म्हणलो असतो, डोळ्यांचा खेळ असेल.

मी वागिमान. शाळा माझ्या नशिबात फार नव्हती. काम एकच केलं आयुष्यभर, छाप काढायचं. माझे मालक पाक जुमेनो फणसाच्या फळीवर चित्र कोरायचे; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही पाक म्हणतो, बाईला बू. मी फळीला शाई लावायचो, वर कागद ठेवायचो आणि पाठीमागून लाकडी चमच्यानं घासायचो. खर्र... खर्र... खर्र... घासून घासून माझा एक खांदा कायमचा खाली उतरलाय. बाजारात लोक लांबून ओळखतात.

पाक जुमेनोंनी आयुष्यभर एकच बाई कोरली. त्यांची बायको, बू सारिंतेन. एकाच स्टुलावर बसलेली, हात गुडघ्यांवर. तरुण सारिंतेन, पोटुशी सारिंतेन, केस पिकलेली सारिंतेन. लोक म्हणायचे, केवढं प्रेम!

बू म्हणायच्या, "प्रेम कसलं? कंबर मोडली माझी."

आणि त्यांचा एक हट्ट होता. कोरायला बसले की समोरचं स्टूल रिकामं दिसता कामा नये. बूंना चुलीवरचा भात बघायला उठायचं असलं, तरी आतून ओरडायचे, "वागिमान! जागा धरून बस!"

मग मी जाऊन बसायचो. बू आल्या की उठायचो. किती वेळा बसलो असेन, देवाला ठाऊक. पुढं पुढं तर ओरडायचीही गरज पडायची नाही. बू उठल्या की माझे पाय आपोआप चालायला लागायचे.

हे लक्षात ठेवा.

पाक जुमेनो गेले तेव्हा शेवटची फळी अर्धी राहिली होती. स्टूल झालेलं, कमरेच्या सारोंगच्या चुण्या झालेल्या, हात झालेले. फक्त चेहरा राहिलेला. चेहऱ्यात डोळे ते सगळ्यात शेवटी करायचे. म्हणायचे, "डोळे झाले की काम संपलं. मग मी तिला उठू देतो."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका म्युझियमनं त्यांच्या छापांचं प्रदर्शन मांडलं. मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, आणि सगळ्या भिंतींवर बू सारिंतेन बसलेल्या. मधोमध काचेच्या पेटीत ती अर्धी फळी. पेटीसमोर एका चौथऱ्यावर तेच जुनं स्टूल. ते मांडायची कल्पना म्बाक निकेनची, म्बाक म्हणजे ताई. प्रदर्शन तिनंच लावलं होतं. पोरगी हुशार आणि मनानं चांगली.

छाप टांगायला मला बोलावलं होतं. म्हणून मी रोज तिथं.

पहिलं चिन्ह आम्ही हसण्यावारी नेलं.

पेटीच्या आत, फळीखाली... पिवळ्या ढलप्या पडल्या होत्या. बारीक. ताज्या. फणसाचा वास येत होता.

"वाळवी लागली वाटतं," निकेन घाबरून म्हणाली.

दारावरचा तुकिजान, जुना वॉचमन, तो म्हणाला, "म्बाक, ही कसली वाळवी? आपण रोजा धरून कोरडे पडलोय आणि ही भरदुपारी जेवतेय!"

हसलो सगळे. मी पेटी पुसली.

दुसऱ्या दिवशी परत ढलप्या.

या वेळी मी फळीकडं नीट बघितलं.

हनुवटी झाली होती.

मला त्यांचा हात माहितीय. कोरणी फिरवताना ते शेवटी मनगटाला जरा झटका द्यायचे, त्यानं रेघेला बारीक शेपूट यायचं. तसं शेपूट होतं. पेटीला कुलूप होतं.

मी कुणाला बोललो नाही. दमलेला माणूस पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतो. म्हणलं, म्हातारा झालास वागिमान, उपास सोसत नाही.

संध्याकाळी बूंच्या घरी गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या. ताठ. हात गुडघ्यांवर.

"काय बू, फोटो काढायचाय का?"

त्या हसल्या नाहीत.

"वागिमान, मला आडवं होता येत नाही रे."

"म्हणजे?"

"आडवी होते. झोप लागते. आणि जाग येते तेव्हा... मी बसलेली असते. अशी. रोज. सून म्हणते, वय झालं. वय झालं की माणूस पडून राहतं की बसून?"

चेहरा बघवत नव्हता. डोळ्यांखाली काळं झालेलं. थकवा असा की बोलतानाही धाप.

"कधीपासून?"

"तुम्ही ती फळी पेटीत ठेवलीत तेव्हापासून. खोलीत अडगळीत उलटी पडली होती तोवर मी घोरत होते बघ." मग हळूच म्हणाल्या, "ते कोरताहेत ना?"

मी मान खाली घातली.

"कुठवर आलंय?"

"हनुवटी. आता ओठ येतील."

"डोळे झाले की मला नेणार," त्या म्हणाल्या. बाजारभाव सांगावा तसं. "जायला मी कधी नाही म्हणलं? पण तिकडं जाऊन परत त्या स्टुलावर बसायचं? नाही रे बाबा. मला एकदा मनासारखं पाय पसरून झोपायचंय. मग मरेन."

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. ठरलेल्या प्रती काढून झाल्या की फळीवर आडवी खोल रेघ मारायची. म्हणजे फळी मेली. मग पुरावा म्हणून त्या कापलेल्या फळीची एकच छाप काढून ठेवायची. झालं. पुन्हा कुणी तिला हात लावत नाही.

"रेघ मारून टाकू," मी म्हणालो.

"मी मारणार," बू म्हणाल्या. "माझं तोंड आहे ते."

दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये निकेन आधी रडकुंडीला आली. "बू, ही त्यांची शेवटची फळी! लोक हीच बघायला येतात!"

बूंनी तिला पेटीजवळ नेलं. ओठ पूर्ण झाले होते. नाकही. एका डोळ्याची वरची पापणी... सुरू झाली होती.

पोरीनं स्वतःच्या मोबाइलमधला पहिल्या दिवसाचा फोटो उघडला. फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसतं सपाट लाकूड. तिनं फोटो बघितला, फळी बघितली, आणि किल्ली काढून दिली.

लोक गेल्यावर तुकिजाननं दार ओढून घेतलं. बांग व्हायला अजून अवकाश होता. बाहेर रस्त्यावर पोरं रोजा सोडायची गोड खीर, कोलाक, विकत होती, गुळाचा आणि नारळाच्या दुधाचा वास आत येत होता. मी फळी टेबलावर ठेवली. बूंच्या हातात कोरायची सुरी दिली.

त्यांनी सुरी घेतली. पण फळीकडं आल्या नाहीत. चौथऱ्यावर चढल्या आणि स्टुलावर बसल्या.

"बू, अहो..."

"थांब. सांगून उठते. न सांगता उठले की चिडतात."

हॉल गप्प झाला.

पंख्याचा आवाज येत होता, तो येईनासा झाला. पंखा फिरत होता.

रस्त्यावरची पोरं गप्प झाली.

आणि मग...

खच्. खच्. खच्.

कोरणी लाकडात जाते ना, तो आवाज. टेबलावरून. तिथं कुणी नव्हतं. निकेननं माझी बाही धरली. फळीवरून एक पिवळी ढलपी उडाली आणि माझ्या चपलेवर पडली.

बू समोर बघत होत्या. तिथं मला फक्त भिंत दिसत होती.

"ऐका हो," त्या म्हणाल्या. घरातल्या घरात बोलावं तसं. "तुमच्यासाठी बसले. पोटात पोर घेऊन बसले. आई वारली त्या दिवशीपण बसले, तुम्ही म्हणालात उजेड चांगला आहे. मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. आता दमले. तुम्ही नाही दमलात?"

खच्. खच्.

"पुरे झालं. मी उठतेय."

आवाज थांबला नाही. उलट घाई झाली. खच् खच् खच् खच्...

बू उठल्या. गुडघे कटकन वाजले. चौथऱ्यावरून उतरल्या.

आणि मी...

मला खरंच कळलं नाही. "जागा धरून बस" हे कानानं ऐकलं की नाही, तेसुद्धा सांगता येत नाही. बू उठल्या, स्टूल रिकामं दिसलं, आणि माझे पाय चालायला लागले. आयुष्यभराची सवय. मी चौथऱ्यावर चढलो आणि बसलो. हात गुडघ्यांवर.

बूंनी फळीवर सुरी टेकवली. "बिस्मिल्लाह," म्हणाल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे.

आवाज बंद.

पंखा ऐकू यायला लागला. लगेच मगरिबची बांग झाली. बूंनी सुरी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "कुणी कोलाक आणेल का? की उपाशी मारणार आहात मला?"

तुकिजान पळाला. आम्ही तिथंच फरशीवर बसून रोजा सोडला. बू दोन वाट्या प्यायल्या, बोटं चाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

मग रीतीप्रमाणे छाप काढायची राहिली होती. मी शाई लावली, कागद ठेवला, चमच्यानं घासलं. कागद उचलला...

आडवी रेघ होती. स्टूल होतं.

बू नव्हत्या.

फळीवर होत्या. सारोंगच्या चुण्या, हात, ओठ, सगळं तिथंच, शाईनं भिजलेलं. कागदावर मात्र स्टुलावर कुणी नाही.

"शाई नीट बसली नसेल," निकेन म्हणाली.

बूंनी कागदाकडं बघितलं आणि मोठा श्वास सोडला. "सुटले," म्हणाल्या.

मी मात्र चष्मा लावून जवळून बघितलं होतं.

स्टूल अगदी रिकामं नव्हतं. त्याच्या वर... दोन-चार बारीक रेघा होत्या. नुकत्या सुरू केल्यासारख्या. प्रत्येक रेघेला शेवटी बारीक शेपूट.

एक खांदा होता. खाली उतरलेला.

बू त्या दिवशी पाय पसरून झोपल्या. सून सांगत होती, इतक्या घोरल्या की मांजर घर सोडून गेलं. अजून आहेत, ठणठणीत. प्रदर्शन कधीच उतरवलं. फळी म्युझियमच्या कोठीत आहे, कापलेली. मेलेल्या फळीवर माझ्यासाठी पुन्हा कुठं रेघ मारणार?

माझी बायको म्हणते, जरा आडवे व्हा, किती वेळ बसून राहाल? होतो की. रोज होतो. जाग येते तेव्हा बसलेलो असतो.

दुपारी घरात कुणी नसलं की आवाज येतो. खच्... खच्... मी ऐकत राहतो. कंटाळा आलाय, पण तक्रार करवत नाही. माणूस वाईट नव्हता हो. फक्त थांबायचं कधी कळलं नाही त्यांना.

झाडू मारताना माझी सून विचारते, "हे पिवळं काय पडतंय तुमच्या खुर्चीखाली?" मी म्हणतो, वाळवी.

काल आरशासमोर दाढी करताना हनुवटी जरा बधिर वाटली.

तेवढं एक ऐका. कधी माझ्याकडं आलात आणि मी पाणी प्यायला म्हणून उठलो, तर माझ्या खुर्चीत बसू नका.

मी बसा म्हणालो, तरी बसू नका.