कोऱ्या खाचेतली हाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही.

त्या रविवारी दुपारी मी दुकान उघडलं ते एका रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा बदलायला. दुकान दुरुस्तीचं, पण सुट्टीच्या दिवशी तिथे आमच्या लाडक्या बँडच्या वेड्यांचा अड्डा जमायचा. चहा आणि भांडणं. पहिल्या रेकॉर्डवर गिटार खरी कुणी वाजवली? गायक एका कानाने बहिरा होता का? अहो, यावरून आम्ही एकमेकांच्या अंगावर धावून जायचो! एकाला तर सगळे 'कोश' म्हणत, इतकं त्याला ठाऊक. त्याच्यासमोर मी दर वेळी तोंडघशी पडायचो.

म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी मी एक थाप ठोकली होती. शेवटची रेकॉर्ड पुरी केली आणि त्याच आठवड्यात बँडचा ड्रमर समुद्रात बुडाला, हे आम्हा सगळ्यांना माहीत. मी म्हटलं, "शेवटचं गाणं संपलं की सुई कोऱ्या खाचेत नुसती फिरत राहते ना, तिथे आवाज पूर्ण वाढवा. तो हाक मारतो. 'ताई' म्हणतो." उचलली जीभ, लावली टाळ्याला. कोशाचा चेहरा पडला आणि मला कोण आनंद झाला! थाप गावभर पसरली.

त्या दुपारी, अड्डा भरलेला असताना, ती थाप एका म्हाताऱ्या बाईंना दुकानात घेऊन आली. हातात कापडी पिशवी, धाप लागलेली.

"मी त्याची ताई," त्या म्हणाल्या. "तो गेला तेव्हा आमचा अबोला होता. कारणही आता आठवत नाही बघा... त्याने खरंच हाक मारली का मला?"

आत्ताच सांगून टाक, मन म्हणत होतं. पण कोश माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मी, निर्लज्ज माणूस, उठलो, ती शेवटची रेकॉर्ड लावली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

गाणं संपलं. कुणीतरी शटर अर्धं खाली ओढलं, दुकानात अंधारलं. सुई फिरत होती. कुठूनसा ओल्या, न वाळलेल्या कपड्यांचा वास आला. बाईंचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी हेडफोन काढला.

"म्हणाला... म्हणाला हो."

त्यांनी माझा हात धरला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहवेना. सगळ्यांदेखत बोललो, "ताई, पाया पडतो तुमच्या. मी खोटं बोललो. तिथे काही नाही. मीच रचलं ते."

त्यांनी पदराने डोळे पुसले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग त्यानंतर तो तुमच्याबद्दल बोलला... तेही तुम्हीच रचलंत?"

"माझ्याबद्दल? काय बोलला?"

त्यांनी माझा हात सोडला. "नको. मी नाही सांगायची," असं म्हणून पिशवी उचलून निघून गेल्या.

कोशाने हेडफोन घेतला. ऐकलं, हेडफोन खाली ठेवला, आणि चहा तसाच टाकून बाहेर पडला. मग दुसरा. मग तिसरा. एकानेही माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी ऐकलं तर नुसती खरखर! पुन्हा लावलं, पुन्हा खरखर. लाजेने कान तापले होते. त्या कानांना दुसरं काही ऐकू येईना.

संध्याकाळी प्लेयर आणि ती रेकॉर्ड घरी आणली. बायकोला सगळं सांगितलं, थापेसकट. ती हसली. "इश्श, एवढं काय मनाला लावून घेता? आणा इकडे."

ती ऐकत होती. आधी हसतच होती.

"काय म्हणतो गं?"

तिने हेडफोन अलगद टेबलावर ठेवला. माझ्या पायाशी खेळणाऱ्या आमच्या मुलीला तिने कडेवर उचललं, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.