पाहिलं नाही

कचेरीत तिला सगळे वर्णनबाई म्हणत. वनस्पतींच्या संग्रहालयात तिचं काम एकच होतं: टेबलावर आलेल्या झाडाचं अंग न् अंग ठरलेल्या शब्दांत सांगायचं. पान साधं की संयुक्त, कडा अखंड की दातेरी, देठावर लव आहे की नाही. शेजारी बसलेली टायपिस्ट ते टाइप करी. नियम एवढाच, की डोळ्यांना दिसेल तेवढंच सांगायचं. फूल नसेल तर अंदाजपंचे बोलायचं नाही. 'पाहिलं नाही' म्हणून मोकळं व्हायचं.

ही खोड घरातही शिरली होती. नवऱ्याच्या टकलाला ती 'गुळगुळीत, लवरहित' म्हणे आणि तो बिचारा हसून सोडून देई. त्यांच्या लेकीला, चिमीला, मात्र हा खेळ भारी आवडायचा. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, त्यामुळे न्याहारीलाच तिचा हट्ट सुरू झाला.

"आई, माझं वर्णन कर ना!"

"खोड सरळ, किरकोळ. पानं दोन, समोरासमोर." तळहाताला ती पान म्हणे आणि मनगटाला देठ. "डाव्या देठावर चंद्रकोरीसारखा डाग, तिथे लव नाही." तो डाग गरम इस्त्रीचा होता. तेव्हा पोरीपेक्षा आईच जास्त रडली होती.

"आणि मूळ?" चिमीने पाय खुर्चीवर ओढून फ्रॉकखाली लपवले.

"मूळ: पाहिलं नाही."

चिमी खिदळत सुटली. ते हसू कानात घेऊनच ती कामावर गेली.

दुपारी काचगृहातला माळी एक कुंडी घेऊन आला. "बाई, हे सकाळी आपोआप उगवलंय. मी काही पेरलं नव्हतं."

हिरवट, सरळ खोड. दोन पानं. ना ओळखीचं कूळ, ना संग्रहातल्या कशाशी मेळ. तिचे हात शिवशिवायला लागले. नवी जात सापडावी म्हणून माणसं जन्म घालवतात आणि इथे ती आयती टेबलावर येऊन बसली होती.

"थोडं वाढू द्या की," माळी म्हणाला. "दोनच तर पानं आहेत."

"मला एकच हवंय." तिने डावं पान देठासकट खोडापासून कापलं.

कापल्या जागी पांढरा चीक आला. बोटांना तो कोमट लागला. काचगृहातलं ऊन, तिने मनाशी म्हटलं आणि हात पुसले. माळी कुंडी घेऊन परत गेला.

टायपिस्टने कागद चढवला. "हं, बोल."

"खोड सरळ, किरकोळ. पानं दोन, समोरासमोर." शब्द सवयीने आले. तिने भिंग डोळ्याशी नेलं. "डाव्या देठावर..."

"देठावर काय?"

"चंद्रकोरीसारखा डाग." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिथे लव नाही."

टायपिस्ट हात थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

तिने पान उलटं केलं. तीन ठळक शिरा. वरची मध्येच तुटलेली आणि जरा खालून पुन्हा सुरू झालेली. चिमीला झोपवताना तिच्या तळहातावरच्या याच तुटक्या रेघेवरून ती रोज बोट फिरवायची.

सवयीने तिने बोट फिरवलं.

पानाची कडा आत वळली आणि तिच्या बोटाभोवती घट्ट मिटली.

तिने किंचाळून ते झटकलं आणि फोन उचलला.

"चिमी कुठाय?"

"इथेच आहे की," नवरा म्हणाला. "मघापासून गप्प बसलीय. हातात काहीतरी लपवलंय, दाखवतच नाही. का गं, काय झालं?"

ती पर्सही न घेता घराकडे धावत सुटली.

चिमी भिंतीला पाठ लावून उभी होती. उजवा हात फ्रॉकशी चाळा करत होता. डावा पाठीमागे होता.

"चिमे, हात दाखव."

"आधी वर्णन कर."

"खोड सरळ, किरकोळ. उजवं पान..." पुढे तिला बोलवेना. पुढे होऊन तो हात ओढून बघण्याचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"आई, नियम," चिमी हळूच म्हणाली. ती हसत नव्हती. "दिसत नाही ते सांगायचं नाही."

"डावं पान," ती कशीबशी पुटपुटली. "पाहिलं नाही."

चिमीने समाधानाने मान हलवली. तिच्यामागे फरशीवर काहीतरी टपकलं. पांढरं. मग आणखी एकदा.

"पुन्हा दूध सांडलंस ना?" म्हणत नवरा वाकला आणि पुसू लागला.

फडकं फरशीला चिकटलं.