लाल टाका आत

नहरीत पाणी आहे की नाही, एवढंच पाहायचं होतं. आणि त्यासाठी हातात फक्त सात तास होते!

पडेगावच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला रामकिसनची वस्ती. अठरा घरं आणि एक विहीर. डोंगरातून आलेल्या जुन्या भुयारी नहरीचं पाणी त्या विहिरीत उतरायचं. दोन दुष्काळ तिनं काढले. तिसऱ्या साली, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या उन्हाळ्यात, ती आटली. टँकर चार दिवसांनी यायचा. तोवर शहरही वस्तीला येऊन भिडलं होतं. शेजारच्या माळावर प्लॉट पडले, खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि नहरीत उतरायचं शेवटचं विवर नेमकं रस्त्याच्या आखणीत आलं.

"काका, कोरडा खड्डा आहे तो," प्लॉटिंगवरचा इंजिनियर सुदर्शन रामकिसनला म्हणाला होता. "आतून बाटलीभर पाणी आणून दाखवा, रस्ता वळवून घेतो. माझा शब्द. नाहीतर सोमवारी चारला भराव पडणार."

म्हणून सोमवारी सकाळी नऊला तिघं विवराच्या काठावर उभे होते. खांद्यावर पहार घेतलेला रामकिसन. त्याचे दाजी बद्रीनाथ, शेंद्र्याच्या कापड कारखान्यातून निवृत्त झालेले. आणि बद्रीनाथांची मुलगी तनुजा, दवाखान्यात नर्स. रामकिसनची बायको गोजरबाई दोराजवळ थांबणार होती.

बद्रीनाथ दिवाळीनंतर वस्तीवर आले नव्हते. रामकिसनची थोरली बहीण कडूबाई ही त्यांची बायको. दिवाळीत ती गेली. याच विहिरीच्या पाण्यावर ती वाढली होती, आणि शेवटच्या आजारपणात दोनदा तिनं विचारलं होतं, "विहिरीला पाणी हाय ना?" दोन्ही वेळा बद्रीनाथांनी होय म्हणून सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं.

त्यांनी पिशवीतून तीन बंड्या काढल्या. कापड कारखान्यातलं, शिलाई कडूबाईची. भट्टीपुढच्या कामगारांसाठी केलेलं ते कापड वेगळंच होतं. पाणी त्यातून एकाच दिशेनं जायचं. आतल्या बाजूला थेंब ठेवला, की तो आरपार जाऊन बाहेरच्या बाजूला पसरायचा. बाहेरच्या बाजूला ठेवला, तर तिथंच पसरायचा, आत यायचा नाही. घाम बाहेर जायचा, अंग कोरडं राहायचं. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. म्हणून कडूबाई गळ्यापाशी आतून लाल दोऱ्याचा टाका घालायची.

"लाल टाका आत," बद्रीनाथांनी बजावलं. "आत वरून पाणी ठिबकत असंल. हे अंगात असलं तर अंग भिजणार नाही."

"अक्काचा टाका मला शिकवता व्हय?" रामकिसन हसला.

"उपास सोडून तरी जा म्हणलं," गोजरबाई दोर घट्ट करत म्हणाली. "सोमवार धरून बसलाय. देव काय खाली बसून मोजतोय?"

वीस फूट खाली उतरल्यावर ऊन गेलं. आवाजही गेले.

नहर जेमतेम वाकून चालण्याएवढी होती. पायाखाली घोटाभर गाळ. दगडी छतातून थेंब पडत होते, पण हातात धरायला जावं तर चिखलच यायचा. समोरून थंड वारा येत होता. कुठून, ते कळत नव्हतं. तनुजानं कंदील पुढं धरला होता. ज्योत मंदावली तर मागं फिरायचं, असं ठरलं होतं. ज्योत नीट होती. पण अर्ध्या तासानं तनुजा थांबली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आपण थांबल्यावर मागं कोणीतरी एक पाऊल टाकतं."

तिघं थांबले.

पचक्!

एकच पाऊल. त्यांच्या नंतरचं.

"आवाज घुमतोय," बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी मागं पाहिलं मात्र नाही.

पुढं नहर उजवीकडं वळली आणि रुंद झाली. ताठ उभं राहता येऊ लागलं. उजव्या भिंतीत वाकून शिरण्याएवढी काळी तोंडं होती, सगळी सारखीच, काही गाळानं बुजलेली. थोडं पुढं गेल्यावर तनुजानं भिंतीवर खडूनं फुली मारली आणि ते चालत राहिले. वळण हलकं होतं, चालताना जाणवतही नव्हतं. शंभर पावलं झाली, दोनशे झाली.

कंदिलाच्या उजेडात समोर खडूची फुली होती!

"ही मीच मारलेली," तनुजा म्हणाली.

पुन्हा चालले. पुन्हा फुली. असं किती वेळा झालं, मोजणं सुटलं. आणि मागचं ते पाऊल आता जवळून येत होतं.

"दाजी, चकवा हाय ह्यो," रामकिसन म्हणाला.

"चकवा रानात असतो, रामकिसन."

"मग ह्ये काय बाजारपेठ हाय?"

तनुजाला हसू आलं, पण ते तिथल्या तिथं विरलं. आपण कोणत्या तोंडातून आत आलो, ते तिघांपैकी एकालाही सांगता येईना. घड्याळात एक वाजला होता.

वस्तीवरची जुनी समजूत अशी, की चकवा लागला तर अंगातलं कापड उलटं करून घालावं. मग तो माणूस ओळखत नाही. दाजी हसतील म्हणून रामकिसन काही बोलला नाही. अंधारात दोन पावलं मागं राहिला, बंडी काढली, उलटी करून घातली आणि डाव्या भिंतीला खांदा घासत पुन्हा चालू लागला.

तासाभरानं त्याचं बोलणं बंद झालं. मग पहार गाळात पडली.

"मामा?" तनुजा वळली.

रामकिसन भिंतीला टेकून उभा होता. दात वाजत होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती.

"तनू, हळू बोल," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "पाठीवर कुनीतरी हात ठिवलाय. डाव्या खांद्यावर. लई गार हाय. अक्काचा हाय. शाळंत नेताना असाच ठिवायची ती. ढकलत न्यायची."

मागच्या अंधारात थेंब पडत होते.

सहा महिने बद्रीनाथ रिकाम्या घरात झोपत होते. सहा महिन्यांत एकदाही, स्वप्नातसुद्धा, ती आली नव्हती. आणि इथं आली? भावाकडं आली? "माझ्याकडं पाठव तिला," असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी कंदील घेतला आणि रामकिसनच्या पाठीमागं गेले. तिथं कोणी उभं असतं, तर ते भ्याले नसते.

उजेड पडला. मानेखाली, बाहेरच्या बाजूला, लाल टाका दिसला.

"तनू, बंडी काढ त्याची! लवकर!"

"बाबा..."

"उलटी घातलीय यानं! बाहेरचं सगळं पाणी आत ओढतीय ती! तासभर गार पाणी पाठीला लावून फिरतोय हा, उपाशीपोटी!"

तनुजानं एका झटक्यात बंडी ओढली. मामाचे ओठ निळे पडले होते. पाठ बर्फासारखी लागत होती. तिनं ओढणीनं पाठ चोळून कोरडी केली. बद्रीनाथांनी बंडी पिळली, लाल टाका आत करून त्याला पुन्हा घातली. तनुजानं गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला.

"कडक उपास हाय माझा."

"मामीला सांगेन मी. गिळा!"

हळूहळू त्याचे दात थांबले.

बद्रीनाथ मात्र स्वतःच्या बंडीला हात लावून तसेच उभे होते. ती काढायची, उलटी करायची. भिंतीला टेकायचं, एवढंच. मग तो हात आपल्याही पाठीवर येईल. पाण्याचा असला म्हणून काय झालं? पहिलं बटण निघालं. दुसरं निघालं.

"बाबा," तनुजा म्हणाली, "मामाचा डावा खांदाच का भिजला? उजवा तर कोरडाच होता."

त्यांचा हात थांबला. आयुष्यभर त्यांनी ओलं कापडच तपासलं होतं. ते डाव्या भिंतीकडं वळले. तळवा टेकवला. गार होती. उजवी भिंत पाहिली. कोरडी.

"इतका वेळ ही ओली भिंत आपल्या डावीकडंच आहे," ते सावकाश म्हणाले. "आपण गोल फिरतोय. ही भिंत मधली आहे. हा चकवा नाही, हौद आहे! आपण हौदाभोवती फिरतोय. आणि हौद भरलेला आहे!"

रामकिसन धडपडत उठला आणि त्यानं पहार उचलली.

"एक घाव घालतो, दाजी! अठरा घरं पितील!"

"थांब!"

"एकच!"

"वेडा झालास? आत किती पाणी आहे, माहीत आहे? भिंत फुटली तर आपण तिघं मेलो. वर जाऊन कोण सांगणार? आणि चारला भराव पडंल!"

पहार हवेतच राहिली. दगडांच्या फटीतून कसलासा हुंकार येत होता, मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तसा. रामकिसननं पहार खाली ठेवली.

पण बाटली तर रिकामीच होती. भिंतीवर नुसती ओल, बोट लावलं की चिखल. बद्रीनाथांनी राहिलेली बटणं काढली आणि अंगातली बंडी उतरवली. कडूबाईनं शिवलेली ही शेवटची. लाल टाका भिंतीकडं करून त्यांनी ती फटीवर पसरली आणि कडा पहारीच्या टोकानं दगडांत घट्ट ठासल्या. तिघं बघत राहिले.

काहीच झालं नाही. मग कापडाचा रंग गडद झाला. मग खालच्या शिवणीला एक थेंब लोंबला. स्वच्छ थेंब!

"अक्कानं पाणी काढलं," रामकिसन पुटपुटला.

बाटली भरायला पाऊण तास गेला. उघड्या अंगावर थेंब पडत होते आणि आता बद्रीनाथ काकडत होते. पावणेचार! बंडी ओढून काढायला गेले, तर ती दगडांत घट्ट अडकली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "चला!"

पण कुठून? भिंतीत सात तोंडं होती. ते एकेका तोंडापाशी वाकून ऐकू लागले. पहिलं मुकं. दुसरं मुकं. मागचं ते पाऊल पुन्हा वाजलं. पाचव्या तोंडातून वरून घरघर आली, आणि तिच्यावर चढलेला एक आवाज:

"टाक की माती! माझ्या डोस्क्यावर टाक! नवरा आत हाय माझा!"

"मामी!" तनुजा ओरडली.

ते रांगले. धावले. पुन्हा रांगले. छतातून माती गळत होती. शेवटी उजेडाचा गोल दिसला, आणि त्या गोलात गोजरबाईचे दोन पाय लोंबत होते. ती विवराच्या काठावर ठाण मांडून बसली होती. मागं डंपर उभा होता आणि ड्रायव्हर तिच्यापुढं हात जोडत होता.

सुदर्शननं बाटली उन्हात धरली. एक घोट घेतला.

"डंपर मागं घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आणि ती खुंटी उपट."

गोजरबाईनं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तोंडाला गूळ कसला लागलाय?" ती म्हणाली, आणि पदरात तोंड खुपसून रडली.

रामकिसन दाजींजवळ सरकला. "तो हात पान्याचाच व्हता का हो?"

"पाण्याचाच."

"खरं सांगा."

बद्रीनाथांनी डोंगराकडं पाहिलं. "पाण्याचाच होता," ते पुन्हा म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात जाणत्या माणसांनी वरून मोजमाप घेतलं, हौदाच्या बुजलेल्या वाटेतला गाळ बेतानं काढला आणि एका सकाळी वस्तीच्या विहिरीत पाणी उतरलं. अठरा घरांच्या बाया काठावर जमल्या. बद्रीनाथ मागं उभे होते. नहरीतून वर आलेला एक कामगार त्यांच्याकडं आला.

"काका, तिथं एक बंडी हाय भिंतीत. अजून थेंब गळतोय तिच्यातून. काढून आणू का?"

"टाका कोणत्या बाजूला आहे?"

"लाल टाका? भिंतीकडं."

"मग राहू दे," बद्रीनाथ म्हणाले, आणि पाणी प्यायला वाकले.