बेचाळीस नोंदी

“तिला आज संध्याकाळपर्यंत काढायचं आहे. तुम्ही अहवालावर फक्त सही करा,” संचालक फोनवर म्हणाले.

चौकशीच्या बाईंना असले फोन नवे नव्हते. तीस वर्षं पोलिसात काढून आता त्या संस्थेच्या शिस्तभंगाच्या चौकशा करत होत्या. ‘फक्त सही’ मागणाऱ्या माणसाची त्यांना पहिल्यापासूनच चीड.

“मी वाचून सही करते. दहा मिनिटांत येते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत चार माणसं बसली होती आणि चौघांची तोंडं चार दिशांना होती. संचालक घड्याळ बघत होते. प्रयोगशाळेचे प्रमुख इस्त्रीच्या शर्टात ताठ होते. मशीनं सांभाळणारा तंत्रज्ञ नखं कुरतडत होता. आणि जिला हाकलायचं होतं ती संशोधक मुलगी बाईंकडे अशी बघत होती, जणू बाईच तिच्या जिवावर उठल्या होत्या.

भांडण रक्ताच्या पिशव्यांवरून होतं. शहरातल्या रक्तपेढ्यांची नोंदवही इथल्या पाच मशीनांवर ठेवण्याचा प्रयोग चालू होता. पाचांवर तीच नोंदवही. एकावर काही लिहिलं की बाकीची ते उतरवून घेतात, म्हणजे एखादं बंद पडलं तरी काम अडत नाही. एकच पिशवी दोन दवाखान्यांना कधीही दिली जाणार नाही, असा प्रमुखांच्या शोधनिबंधाचा छातीठोक दावा होता. तो तपासायला खोट्या मागण्या टाकून रोज चाचण्या होत, आणि प्रत्येक चाचणीची एक नोंद राही. आणि चौदा तारखेला सकाळी साडेनऊला नोंदवहीत बेचाळीस नोंदी उगवल्या. बेचाळीस चाचण्यांत एकच पिशवी दोघांना देऊन टाकलेली!

“हिनंच घुसडल्या,” प्रमुख म्हणाले. “माझा निबंध छापून येतोय ते बघवलं नाही.”

“कशावरून?”

“नोंदी पहिल्यांदा चार नंबरच्या मशीनवर आल्या. चार नंबर हिच्या खोलीत आहे.”

“पण नोंदींवर दोन तारीख आहे.”

“तारीख काय, कोणीही टाकेल.”

“दोन तारखेला चाचण्या झाल्या होत्या?”

“रोज होतात. आपोआप. रोज पाचशे, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्या दिवशीच्या सगळ्या उत्तम होत्या. मी स्वतः तपासल्यात.”

बाई मुलीकडे वळल्या. “तुम्ही घातल्या?”

“नाही.”

“मग कोणी?”

“ते शोधायचा पगार तुम्हाला मिळतो. माझी चार वर्षं जातायत इथे, आणि पदवी दोन महिन्यांवर आली आहे.”

“दोन तारखेचे निकाल तुम्ही पाहिले नव्हते?”

“त्या संध्याकाळी ताईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं. चार तारखेला दुपारी ती बाळंत झाली, तोवर मी तिच्याजवळून हलले नाही. परत आले तर भाऊजी म्हणाले, निकाल ठीक आहेत. मी विश्वास ठेवला. मूर्ख मी!”

“भाऊजी कोण?”

मुलीनं प्रमुखांकडे बोट केलं. ती इथे लागल्यावर वर्षभरानं तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्यांच्याशी झालं होतं. म्हणजे माणूस सख्ख्या मेहुणीच्या पोटावर पाय द्यायला निघाला होता, तोही इस्त्रीच्या शर्टात!

बाईंनी पाचही मशीनं बघितली. चारांवर बोटभर धूळ होती. चार नंबर मात्र लख्ख.

“हे एवढं स्वच्छ कसं?” त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

“दुरुस्तीला गेलं होतं, बाई. आतला पंखा जळला होता. तीन तारखेला सकाळी नऊला बंद केलं आणि लगेच दुसऱ्या गावी घेऊन गेलो. तिथेच मुक्काम केला. ही पोच, ही लॉजची पावती. चौदाला सकाळी नऊला परत जोडलं.”

“अकरा दिवस. आणि भिंतीवर काय लिहिलंय?”

भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं: दहा दिवसांहून जास्त बंद राहिलेलं मशीन पूर्ण पुसून मगच जोडावं.

“पुसलं ना,” तो पुटपुटला.

“पुसून सगळं परत उतरवायला किती वेळ लागतो?”

“एक अख्खा दिवस.”

“नऊला जोडलंत, आणि साडेनऊला त्या नोंदी पाचही मशीनांवर होत्या. तुमचा दिवस अर्ध्या तासाचा असतो का हो?”

“कंटाळा केला, बाई. नोकरी जाईल माझी.”

“खोटं बोललात तर आत्ता जाईल. दहाच दिवस का?”

“एखादी नोंद खोडली की खोडणाऱ्याच्या नावानिशी एक चिठ्ठी तयार होते, ‘ही नोंद खोडली आहे’ अशी. मशीनं ती एकमेकांना देतात. एखादं बंद असेल तर त्याच्यासाठी दहा दिवस राखून ठेवतात. मग चिठ्ठी आपोआप नष्ट होते.”

“खोडायचा अधिकार कोणाला आहे?”

“आम्हा तिघांना. सरांना, हिला आणि मला. पण या प्रयोगशाळेत बसूनच, बाहेरून नाही. प्रयोगशाळा सकाळी नऊला उघडते आणि रात्री आठला बंद होते.”

बाई व्हरांड्यात गेल्या. त्यांनी मुलीच्या ताईला फोन लावला, पाच मिनिटं बोलल्या आणि परत आल्या.

“दोन तारखेच्या नोंदी मोजा,” त्यांनी तंत्रज्ञाला सांगितलं. “या बेचाळीस धरून.”

त्यानं मोजल्या. “पाचशे.”

“ऐकलंत? बाहेरून घुसडल्या असत्या तर पाचशे बेचाळीस झाल्या असत्या. म्हणजे या नोंदी खऱ्या आहेत. कोणीही काही घुसडलं नाही. गुन्हा आहे तो नोंदी खोडण्याचा.”

“काय बोलताय?” प्रमुख ओरडले.

“खाली बसा. दोन तारखेला बेचाळीस चाचण्या फसल्या आणि ते पाचही मशीनांवर उतरलं. नंतर कोणीतरी त्या नोंदी खोडल्या. चार मशीनांनी खोडल्या, पण चार नंबर बंद होतं, त्याला कळलंच नाही. अकराव्या दिवशी ते परत आलं तेव्हा चिठ्ठी नष्ट झाली होती. बाकीच्यांना वाटलं, ह्याच्याकडे आपल्यापेक्षा बेचाळीस नोंदी जास्त आहेत, घ्या उतरवून. मग त्या पहिल्यांदा चार नंबरवर दिसणार नाहीत तर कुठे दिसणार?”

बाई बोटांवर मोजू लागल्या.

“आता दिवस काढू. चार नंबर बंद झाल्यानंतर खोडलं, म्हणजे तीन तारखेला नऊच्या पुढे. आणि चौदाला नऊच्या आत चिठ्ठीचे दहा दिवस भरले, म्हणजे चार तारखेला नऊच्या आधी. रात्री प्रयोगशाळा बंद. उरली फक्त तीन तारीख. त्या दिवशी तंत्रज्ञ परगावी होते. मुलगी दवाखान्यात होती. प्रमुख, तुम्ही कुठे होतात?”

“मीसुद्धा दवाखान्यात. बायको अडली होती माझी!”

“तुमच्या बायकोला आत्ताच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मी दिवसभर ह्यांची वाट बघत होते. धाकटी तेवढी जवळ होती. हे प्रयोगशाळेत अडकले होते, रात्री नऊला आले.’ तुमचं कौतुकच करत होत्या बिचाऱ्या. किती काम करतात म्हणे.”

दहा दिवसांनी नाव पुसलं जाईल, हा प्रमुखांचा हिशोब बरोबर होता. मशीन परत न पुसता जोडलं जाईल, हे त्यांच्या हिशोबात नव्हतं. नोंदी उगवल्यावर घाबरून त्यांनी घरच्याच मुलीवर ढकललं.

संचालकांनी घसा साफ केला. “हे आपण आपसात मिटवू. मशीनची चूक म्हणू. मुलीवरचा आरोप मागे घेऊ, पदवीही वेळेवर—”

“ऐक ना,” प्रमुख मुलीला म्हणाले. आवाज एकदम घरचा झाला. “ताईचा विचार कर. दोन आठवड्यांचं बाळ आहे गं.”

“आणि तुमच्या ह्या मशीनच्या भरवशावर उद्या कुणाच्या ताईला रक्त मिळालं नाही तर?” मुलगी उठली. तिनं बाईंच्या हातातला अहवाल ओढून घेतला, ‘आपसात मिटवण्यास माझी संमती नाही’ असं त्यावर लिहिलं आणि सही केली. मग बाईंकडे वळली.

“ताईला सांगितलंत, कशासाठी विचारताय ते?”

“नाही.”

“म्हणजे तिला फसवून तिच्याच नवऱ्याविरुद्ध वदवून घेतलंत.”

“हो. नाहीतर तुम्ही आज रस्त्यावर असता.”

“लाज वाटायला पाहिजे तुम्हाला.”

“वाटते,” बाई म्हणाल्या. “मी येऊ का बरोबर तिला सांगायला?”

“खबरदार घरी पाऊल टाकलंत तर. माझी बहीण आहे ती. मीच सांगणार.”

ती पिशवी उचलून जिना उतरून गेली. प्रमुखांनी घाईघाईनं खिशातून फोन काढला. बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“तिला पोचू द्या आधी,” त्या म्हणाल्या, आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या.